बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

विद्यार्थिमित्रहो, क्रीडांगणावर पंचाची शिट्टी वाजली कीं आपणांपैकीं पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. नियम म्हणजे खेळाच्या पायांतील बेडी, असें त्या क्षणीं वाटतें. परंतु बास्केटबॉल हा खेळ नियमांच्या विचारांतूनच जन्मास आला. म्हणून त्याच्या जनकाचें चरित्र मननीय आहे.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडांतील आल्मॉन्ट या गांवाजवळ झाला. ते नऊ वर्षांचे असतांनाच विषमज्वरानें त्यांचीं आईबाप निवर्तलीं व मामांनीं त्यांचें संगोपन केलें. शाळा मध्येंच सोडून ते लांकूडतोडीच्या कामास लागले. परंतु चूक ध्यानांत येतांच ते पुन्हां शाळेच्या बांकावर जाऊन बसले. माँट्रिआलच्या मॅक्‌गिल विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं धर्मशास्त्राचाही अभ्यास केला. १८९० सालीं ते अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या शिक्षण-संस्थेंत दाखल झाले.

तेथें त्यांच्या कसोटीचा प्रसंग आला. हिवाळ्यांत बर्फामुळें मैदानें बंद पडत, आणि व्यायामशाळेंतील त्याच त्या कवायतीस तरुण कंटाळत. अठरा विद्यार्थ्यांच्या एका वर्गापुढें तर दोन शिक्षकांनीं हात टेकले होते. वरिष्ठ गुरु डॉ. ल्यूथर गुलिक यांनीं तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोंपविला, व चार भिंतींच्या आंत खेळतां येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधण्यास सांगितलें.

प्रथम त्यांनीं मैदानी खेळच आंत आणून पाहिले. परंतु त्यांत धक्काबुक्की व दुखापती मात्र होत. मुदत संपत आली. तेव्हां नेस्मिथ यांनीं दोषाचें मूळ शोधण्याचें ठरविलें. फुटबॉलमध्यें दांडगाई कां होते? चेंडू घेऊन पळणाऱ्यास अडवावें लागतें म्हणून. मग चेंडू घेऊन पळण्यासच बंदी केली तर? गोलाकडे चेंडू इतक्या जोरानें कां फेंकतात? गोल समोर उभा असतो म्हणून. मग तो डोक्यावर उंच व आडवा ठेवला तर? अशा गोलांत चेंडू घालावयाचा तर बळापेक्षां नेम व कौशल्य हींच कामास येतील! लहानपणीं खडकावर ठेवलेला दगड अलगद धोंडा टाकून पाडण्याचा खेळ ते खेळत. त्याचें स्मरण येथें उपयोगी पडलें.

डिसेंबर १८९१ मध्यें दहा फूट उंचीवरील सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या बांधण्यांत आल्या, तेरा नियम फलकावर लावण्यांत आले, आणि नऊ-नऊ गडी उभे राहिले. त्या सामन्यांत एकच गोल झाला; परंतु त्या हट्टी वर्गास खेळ सोडवेना.

अनुभवाबरोबर नियम बदलत गेले. सज्जांतील प्रेक्षक चेंडूस हात लावूं लागले, तेव्हां टोपलीमागें फळी आली. टोपलीचा तळ उघडा झाला. १८९७ पासून प्रत्येक बाजूस पांच गडी ठरले. प्रत्येक गोलानंतर मध्यभागीं चेंडू उडविण्याची प्रथा १९३७ सालीं बंद झाली. हा बदल नेस्मिथ यांस रुचला नाहीं. तरी खेळ पुढें चाललाच.

१८९८ सालीं वैद्यकीय पदवी घेऊन ते कॅन्सस विद्यापीठांत गेले. तेथें त्यांच्या संघानें पंचावन्न सामने जिंकले व साठ गमावले. खेळाच्या जनकाच्या पदरीं हार अधिक, ही मौज खरीच! १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें आपला खेळ पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें. ता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं त्यांचें निधन झालें.

त्यांची विचारपद्धति मात्र त्यांच्यामागेंही उपयोगी पडली. अमेरिकेंतील धंदेवाईक सामन्यांत आघाडीवरील संघ चेंडू नुसता धरून वेळ काढूं लागले. १९५० सालीं फोर्ट वेन संघानें मिनिआपोलिसच्या बलाढ्य संघास याच युक्तीनें १९ विरुद्ध १८ गुणांनीं हरविलें. पैसे देऊन आलेले प्रेक्षक कंटाळले. १९५४ सालीं सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बायासोन यांनीं साधा हिशेब मांडला. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. रंगलेल्या सामन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारें १२० नेम होतात. तेव्हां प्रत्येक नेमास चोवीस सेकंद पुरेत. हा नियम होतांच एका संघाच्या गुणांची सरासरी एकोणऐंशीच्या आसपास होती ती त्र्याण्णवावर गेली, व खेळांत पुन्हां जीव आला.

आजही या खेळाच्या नियमांत सुधारणा सुचविल्या जातात. त्यांची पारख करण्यास नेस्मिथ यांचा प्रश्न पुरेसा आहे: हा नियम कोणत्या दोषाचें मूळ तोडतो? बालमित्रहो, आपल्या वर्गांत किंवा घरांत कांहीं बिघडलें, तर दोष देण्यापूर्वीं हाच प्रश्न स्वतःस विचारून पाहा.