वेपेरीचा छापखाना आणि योहान फिलिप फॅब्रिशियस



देवाच्या सेवकांच्या गोष्टी आपण ऐकतो, तेव्हा मोठ्या सभा, मोठे प्रवास आणि चमत्कार यांकडे आपले लक्ष लगेच जाते. पण पवित्र शास्त्रात टबीथाही आहे. तिने विधवांसाठी अंगरखे शिवले आणि त्या शिलाईची नोंद प्रेषितांच्या कृत्यांत झाली. चेन्नईच्या, म्हणजे त्या वेळच्या मद्रासच्या, अशाच एका सेवकाविषयी आज लिहीत आहे. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शब्द जुळवण्यात, कच्ची छपाई तपासण्यात आणि पुन्हा दुरुस्त करण्यात गेला.

योहान फिलिप फॅब्रिशियस यांचा जन्म 1711 साली जर्मनीतील क्लेबर्ग या गावी झाला. हाले येथे शिक्षण घेऊन 1740 मध्ये ते तरंगमबाडीला आले. तिथे 1706 पासून झीगेनबाल्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी काम सुरू केले होते. तमिळ नवा करार तिथेच छापला गेला होता. दोन वर्षांनी फॅब्रिशियस मद्रासला गेले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी तिथेच काढली. स्वभावाने ते लाजाळू होते.

काळ शांत नव्हता. 1746 मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले आणि फॅब्रिशियस आपल्या लोकांसह डचांच्या पुलिकतला गेले. शहर इंग्रजांकडे परत आल्यावर, 1752 मध्ये, मिशनला वेपेरी भागात जागा मिळाली. आर्मेनियन व्यापारी पेत्रुस उस्कान यांनी बांधलेले प्रार्थनामंदिर त्या जागेत होते. थोडा जम बसतो न बसतो तोच 1758 च्या अखेरीस फ्रेंच सेनापती लाली याने शहराला वेढा घातला आणि वेपेरीची वस्ती लुटली गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

याच युद्धातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. 1761 मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकली. लुटीच्या सामानात एक छापखाना होता. तो मद्रासला आणला गेला, पण सरकारकडे तो चालवणारा माणूस नव्हता. फॅब्रिशियस यांनी तो मागून घेतला. सरकारला लागेल ते छापून द्यायचे आणि उरलेल्या वेळात मिशनची पुस्तके छापायची, अशी बोली झाली. म्हणजे एकाच यंत्रावर सरकारी कागदही आणि सुवार्ताही! मला यात काही कमीपणा वाटत नाही. पौल तंबू शिवत असे, तसेच हेही काम.

भाषांतराचे काम ते आधीपासून करत होते. झीगेनबाल्ग यांची तमिळ घाईतली होती. ती सुधारायची तर मूळ ग्रीक आणि हिब्रू समोर ठेवून एकेक ओळ पुन्हा घडवावी लागणार होती. फॅब्रिशियस यांनी ते तमिळ मदतनिसांना बरोबर घेऊन, वर्षानुवर्षे केले. त्या मदतनिसांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत, पण त्यांच्या कानाशिवाय ती भाषा उभी राहिली नसती. कोणता शब्द घरात बोलतात, कोणता फक्त पंडितांना कळतो, हे परदेशी माणसाला कोण सांगणार? 1772 मध्ये नवा करार वेपेरीत छापून झाला. जुना करार तरंगमबाडीला 1777 पासून भागाभागाने निघाला आणि त्याचा शेवटचा भाग 1796 मध्ये आला. तो पाहायला भाषांतरकार हयात नव्हते.

मधल्या काळात त्यांनी जर्मन गीते तमिळमध्ये आणली. सहकारी ब्राइथाउप्ट यांच्यासह केलेला तमिळ-इंग्रजी शब्दकोश 1779 मध्ये आणि इंग्रजी-तमिळ भाग 1786 मध्ये निघाला. शब्दकोशाचे काम म्हणजे रोज थोडे थोडे, चिठ्ठीवर चिठ्ठी. त्यात साक्ष देण्यासारखे काय, असे कोणी विचारेल. पण त्याच कोशावर पुढे तरंगमबाडीला भर घालत नव्या आवृत्त्या काढल्या गेल्या, आणि तमिळ शिकणारे आजही तो उघडतात.

आता ज्या भागाविषयी चरित्रे सहसा घाईने बोलतात, त्याकडे येऊ. फॅब्रिशियस यांना पैशाचा व्यवहार कळत नव्हता. मिशनचा आणि लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेला पैसा त्यांनी व्याजाने दिला. अर्काटच्या नवाबाच्या कर्जांभोवती तेव्हा मद्रासमधले कितीतरी लोक पैसे गुंतवून बसले होते. कर्जदारांनी हात वर केले आणि देणेकऱ्यांनी या म्हाताऱ्या सेवकाला धरले. भाषांतर करणारा हात कर्जदारांच्या तुरुंगात गेला. ज्यांचे पैसे बुडाले, त्यांच्यात गरीबही असतील. त्यांचे नुकसान खरे होते. त्यांच्या भक्तीने ते भरून निघाले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. मंडळीचे नावही खराब झाले. हा डाग झाकून त्यांना संत करण्याची गरज नाही. दावीद आणि पेत्र यांच्याबाबतीत पवित्र शास्त्रानेही तसे केलेले नाही.

1788 मध्ये ख्रिश्चियन विल्हेल्म गेरिके यांनी वेपेरीची जबाबदारी घेतली आणि विस्कटलेले काम हळूहळू सावरले. फॅब्रिशियस 1791 च्या जानेवारीत ऐंशीव्या वर्षी वारले. मागे संपत्ती नव्हतीच. होते ते कागद, खिळे आणि छापलेली पाने. तमिळ लुथरन मंडळ्यांनी त्यांचे भाषांतर पुढे पिढ्यानपिढ्या सोडले नाही.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. दोनच वर्षांनी, 1793 मध्ये, तंजावरच्या भोसले घराण्यातला एक मुलगा घरच्या वैरापासून वाचवून मद्रासला आणला गेला. तंजावरला श्वार्ट्झ यांनी त्याला सांभाळले होते. मद्रासमध्ये त्याच्या शिक्षणाकडे याच गेरिके यांनी लक्ष दिले. तो मुलगा म्हणजे सरफोजीराजे, ज्यांनी पुढे सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि तंजावरला स्वतःचा छापखानाही उभा केला.