तडजोडीच्या पलीकडे बघणारी मेरी

मॅनेजमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते टाय लावलेले साहेब आणि चकचकीत ऑफिसं. पण या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये एक समाजसेविका होती, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? तिचं नाव मेरी पार्कर फॉलेट.

मेरीचा जन्म ३ सप्टेंबर १८६८ चा, अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या क्विन्सी गावातला. आई कायम आजारी, त्यामुळे घरचा भार लहान वयातच तिच्यावर पडला. सोळा-सतरा वर्षांची असताना वडीलही गेले. तरी तिनं शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. हार्वर्ड विद्यापीठ तेव्हा मुलींना पदवी देत नसे. मुलींसाठी वेगळी संस्था होती, तिचंच पुढे रॅडक्लिफ कॉलेज झालं. तिथून १८९८ साली ती पदवीधर झाली, तेव्हा ती तिशीला टेकली होती.

एवढी शिकलेली मेरी मग गेली कुठे, तर बोस्टनच्या रॉक्सबरी या कष्टकरी वस्तीत. तिथल्या तरुण मुलांना तिनं एकत्र आणलं. शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या पडतात, त्या वस्तीतल्या लोकांसाठी उघडा, असा आग्रह तिनं धरला. १९११ मध्ये ईस्ट बोस्टनच्या हायस्कूलमध्ये असं केंद्र सुरूही झालं.

माणसं एकत्र आली की भांडणं आलीच! मेरी ती बारकाईनं बघत गेली. तिच्या लक्षात आलं की भांडण मिटवायच्या तीन तऱ्हा असतात. पहिली कुरघोडी: एकाचं चालतं, दुसरा मनात धुमसत राहतो. दुसरी तडजोड: दोघंही थोडं थोडं सोडतात, पण समाधान कुणाचंच होत नाही आणि तेच भांडण पुन्हा वर येतं. तिसरी तऱ्हा म्हणजे मेळ. माणूस मागतो काय, यापेक्षा त्याला ते कशासाठी हवंय, हे शोधायचं.

तिनं दिलेलं उदाहरण अगदी साधं आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका छोट्या खोलीत कुणाला तरी खिडकी उघडी हवी होती, हिला बंद. मग दोघांनी मिळून शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली आणि हिच्या अंगावर थेट येणारा उत्तरेचा वारा टळला. सोडावं कुणालाच काही लागलं नाही.

दुसरं उदाहरण दूधवाल्यांचं. डेअरीच्या फलाटावर कॅन आधी कुणी उतरवायचे, टेकडी उतरून येणाऱ्यांनी की चढून येणाऱ्यांनी, यावरून त्यांची सहकारी संस्था मोडायला आली होती. शेवटी फलाटाचीच जागा बदलली आणि दोन्हीकडच्यांना एकाच वेळी दूध उतरवता येऊ लागलं.

सत्तेबद्दलही तिचं म्हणणं वेगळं होतं. दुसऱ्यावर गाजवायची ती एक सत्ता, आणि सगळ्यांनी मिळून उभी करायची ती दुसरी. खरी ताकद या दुसरीत असते. साहेब म्हणतो म्हणून काम करायचं नाही, तर कामाची गरज काय आहे ते साहेबानं आणि कामगारानं मिळून बघायचं. १९१८ आणि १९२४ मध्ये आलेल्या तिच्या पुस्तकांनंतर उद्योगपती तिला बोलावू लागले. १९२५ पासून न्यूयॉर्कमध्ये आणि १९३३ मध्ये लंडनला तिनं त्यांच्यापुढे व्याख्यानं दिली. स्वतः कधी कारखाना न चालवलेली ही बाई, पण कारखानदार तिचा सल्ला घेत!

१८ डिसेंबर १९३३ रोजी बोस्टनमध्ये ती वारली. मग जग तिला जवळजवळ विसरलंच. पुढे पीटर ड्रकर यांच्यासारख्या नामवंत व्यवस्थापनतज्ज्ञानं तिची थोरवी सांगितली आणि १९९५ मध्ये तिचं निवडक लेखन नव्यानं छापलं गेलं.

मैत्रिणींनो, तडजोड हा शब्द आपल्याला लहानपणापासून पाजला जातो. सून झालीस, तडजोड कर. नोकरी करतेस, तडजोड कर. बचत गटांचं काम करताना मी बघते, बैठकीची वेळ, कर्जाचा नंबर अशा बारक्या गोष्टींवरून चांगले चालणारे गट फुटतात. एकीला बैठक दुपारीच हवी असते, कारण रात्री घरून सोडत नाहीत. दुसरीला रात्रीच हवी असते, कारण दुपारची मजुरी बुडते. ही कारणं कुणी विचारतच नाही, नुसते हात वर करून मतं मोजली जातात. आधी कारणं विचारली, तर एखादी तिसरी वेळ सापडू शकते.

प्रत्येक भांडणात असा मेळ बसतोच असं नाही, हे मेरीलाही मान्य होतं. एकाच मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या दोघांचा मेळ कसा घालणार, असं तीच गमतीनं विचारायची! पण मान तुकवण्याआधी किंवा आवाज चढवण्याआधी, तुला हे कशासाठी हवंय, एवढं एकमेकींना विचारून तर बघू या.