बाबुराव शेडमाके : घोटुल ते रायपूर

आदिवासी मुलगा शिकायला शहरात गेला की आपल्या माणसांपासून तुटतो का? बाबुराव शेडमाके तुटले नाहीत.

१२ मार्च १८३३ रोजी अहेरी भागातल्या किष्टापूरला जमीनदार गोंड घरात त्यांचा जन्म झाला. आधी घोटुलात गोंडी, तेलुगू, नाचगाणी. मग इंग्रजीसाठी रायपूर. शिकून ते मोलमपल्लीला परतले. १८५८ मध्ये आदिवासी तरुणांना जमवून इंग्रजांशी लढले. २१ ऑक्टोबरला चांद्यात फाशी झाली, तेव्हा वय अवघं २५.

सूरजागड परिसरात त्यांना आजही मानतात. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. बाबुरावांना घरची आणि शाळेची, दोन्ही विद्या मिळाल्या. परक्या वर्गात एकट्या पडलेल्या माडिया विद्यार्थ्यालाही तेच हवं असतं.