माळावरचा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

संध्याकाळी फ्रीगंजच्या टॉवर चौकात उभं राहिलं, की नोकरीला लागलेले आपले सीनियर भेटतात. बोलणं फिरून फिरून एकाच विषयावर येतं : टार्गेट, हजेरीचं मशीन आणि साहेबांचा मूड. व्यवस्थापन म्हणजे माणसावर नजर ठेवणं, अशी आपली समजूतच होऊन बसली आहे. म्हणून या अंकात एका जुन्या माणसाची आठवण काढावीशी वाटली. इथून साधारण चाळीस किलोमीटरवर, देवासला, किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. पाटीवरचं ते नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्या नावामागचे लक्ष्मणराव आपल्याला फारसे ठाऊक नसतात.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेत त्यांचं मन रमलं नाही. चित्रकलेची आवड होती, म्हणून थोरले भाऊ रामुअण्णा यांच्या पाठिंब्यावर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंग सुटले, रेषा राहिल्या. यंत्रांची रेखाचित्रं काढण्यात त्यांचा हात बसला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरीही लागली.

इथेच त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. कामात काही उणं नव्हतं. कमी पडला तो वंश. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाकडे आले. दोघा भावांचं तिथे सायकलचं दुकान होतं. ते सायकली विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे.

दुकानातून छोटा कारखाना उभा राहिला. आधी कडबा कापायचं यंत्र निघालं, मग लोखंडी नांगर. आता नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! काळ्या मातीत हरळी आणि कुंदा किती खोल मुळं धरतात, हे माळव्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. लाकडी नांगर तिथवर पोचत नाही. लोखंडी नांगराने ते करून दाखवलं, तेव्हा लोकांचं मत हळूहळू बदललं.

धंदा जरा कुठे स्थिरावतो, तोच नवी वसाहत करायची म्हणून बेळगावची जागा सोडावी लागली. लक्ष्मणराव त्या सुमारास औंध संस्थानात बांधकामाचं काम करत होते. औंधच्या राजांनी, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. 1910 साली पंचवीस कामगार आपापल्या कुटुंबांसह त्या माळावर उतरले. तिथे काय होतं? निवडुंग, साप आणि पाण्याची ओढ. त्याच जागी किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याभोवती कामगारांसाठी गाव वसवण्याचा तो भारतातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न.

खरी गंमत तिथल्या माणसांत आहे. लक्ष्मणरावांनी माणसं निवडताना दाखले फारसे पाहिले नाहीत. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर झाले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, शंभुराव जांभेकर यंत्रं. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे, इतकाच साधा नियम. त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे, तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. विश्वास टाकला तर माणूस तो राखतो, अशी त्यांची धारणा होती. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही दंडक घातला. ज्याला स्वतःला जन्मावरून डावललं गेलं, त्याने आपल्या हाताखाली तसं होऊ दिलं नाही, बरं का! सूड उगवायची ही रीत मला फार मोठी वाटते.

1920 मध्ये धंद्याची रीतसर लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची खबर देणारं ते पत्र पुढे मराठी वाचकांचं आवडतं मासिक झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून परत आला आणि कारभार वाढत गेला. नांगराच्या जोडीला पंप आले, इंजिनं आली.

पण ही कहाणी गोड गोड नाही. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कुंपणाच्या आत जपलेला विश्वास बाहेरच्या रागापुढे अपुरा पडला. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि चालू झालेला त्यांना पाहता आला. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचं निधन झालं.

आज कुणी म्हणेल, एका मालकाच्या पारखीवर सगळं चालणं बरं का? मालक चुकला तर दाद कुणाकडे मागायची? प्रश्न रास्त आहे. लक्ष्मणरावांसारखी नजर सगळ्यांना नसते, म्हणून नियम हवेतच. हजारो माणसांच्या कंपनीत हजेरीचं मशीनही लागेल. पण मशीन माणूस आला की नाही एवढंच सांगतं. तो काय करू शकतो, हे कुणीतरी जवळ जाऊन पाहावं लागतं. ते पाहणं बंद झालं, की चांगली माणसं गुपचूप राजीनामा लिहितात, जसा मुंबईतल्या त्या तरुण शिक्षकाने लिहिला होता. नुकसान नोकरी सोडणाऱ्याचं झालं, की संस्थेचं?

आपल्यातले काही जण उद्या कुणाचे तरी साहेब होतील. एखाद्याचा कागद कच्चा दिसला, तर बाजूला सारण्याआधी त्याला एकदा काम देऊन पाहा.