बागलकोटचे हेडमास्तर आणि नेपच्यूनपलीकडचा ग्रह



मागच्या महिन्यात आमच्या पालक ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. प्लूटोचा शोध एका मराठी माणसाने लावला, श्रेय मात्र अमेरिकेने घेतलं, असा. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, हे खरं आहे का? मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. उद्या सांगते म्हटलं. त्या उद्याचे पंधरा दिवस झाले, कारण वाचत गेले तसा तो माणूस मेसेजपेक्षा खूप मोठा निघाला.

त्यांचं नाव व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४ चा, नरगुंदचा. हे गाव आज कर्नाटकात गदग जिल्ह्यात आहे. केतकर पेशाने शिक्षक. सरकारी विद्याखात्यात नोकरी करत करत ते बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले. त्यांच्या हाताशी मोठी दुर्बीण नव्हती, वेधशाळाही नव्हती. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी आयुष्यभर ग्रहांचं गणित केलं.

त्या काळी पंचांगाची पंचाईत झाली होती. महाराष्ट्रात पंचांगं मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून होत, आणि तो ग्रंथ १५२० चा. ग्रंथ उत्तमच, पण साडेतीनशे वर्षांत आकाश आणि गणित यांच्यात अंतर पडलं होतं. चंद्राचं तर वेगळंच दुखणं. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो खरा, पण सूर्यही त्याला ओढत असतो. त्यामुळे त्याची चाल कधी पुढे, कधी मागे होते. जुन्या गणिताचा मेळ अमावास्या-पौर्णिमेला बरा बसायचा, कारण ते ग्रहणांवरून जुळवलेलं होतं. अष्टमीच्या आसपास मात्र तिथी काही तासांनी चुकायची. ज्या घरात तिथी बघून उपास धरतात, त्या घराला हे काही तास म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

केतकरांनी युरोपातल्या वेधशाळांची ताजी कोष्टकं घेतली, गुरुत्वाकर्षणाने होणारे हे फरक त्यात धरले आणि सगळं गणित आपल्या ज्योतिषांना वापरता येईल अशा रूपात संस्कृतात मांडलं. ज्योतिर्गणितम् आणि केतकी ग्रहगणितम् हे त्यांचे यावरचे ग्रंथ. मला यात शिक्षक दिसतो. ज्ञान बाहेरचं असलं तरी समोरच्याच्या भाषेत दिलं पाहिजे, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

दुसरा वाद होता अयनांशाचा. आमच्या वाशीमला मध्यमेश्वराचं मंदिर आहे. जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा इथून जाते असं गावातले म्हातारे सांगतात, म्हणून मी मुलांना हा विषय तिथूनच सांगते. रेखांश मोजायला जशी एक सुरुवातीची रेघ लागते, तसं राशीचक्र मोजायलाही आरंभबिंदू लागतो. तो कुठला धरायचा? पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे. त्या फुगवट्याला चंद्र-सूर्य ओढतात, म्हणून तिचा आस थकलेल्या भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे संपातबिंदू ७२ वर्षांत जवळपास एक अंश मागे सरकतो. लोकमान्य टिळक रेवती नक्षत्राच्या बाजूचे, तर केतकर चित्रा ताऱ्याच्या बाजूचे. दोहोंत फरक साधारण चार अंशांचा. म्हणूनच टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि आपण तिळगूळ १४-१५ ला वाटतो. पुढे मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीनेही १९५५ च्या अहवालात चित्रा ताऱ्याचीच बाजू घेतली. घरातलं दाते पंचांग त्याच पक्षाचं.

आता प्लूटो. गुरूच्या मोठ्या चंद्रांपैकी तीन म्हणजे आयो, युरोपा आणि गनिमीड. त्यांच्या फेऱ्या अंदाजे पावणेदोन, साडेतीन आणि सात दिवसांच्या. गनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने या तिघांतला नियम दाखवून दिला होता. मी मैदानावर चुन्याने तीन वर्तुळं आखून तीन मुलांना पळवलं. तिघं एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत, हे मुलांनी स्वतः पाहिलं. ठरावीक वेळी मिळणारा धक्का झोक्यासारखा साठत जातो. आयोची कक्षा त्यामुळे पूर्ण गोल होऊ शकत नाही. गुरूची भरती-ओहोटी त्याला कणकेसारखी मळत राहते आणि आतून तापवते. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानाने तिथले जिवंत ज्वालामुखी टिपले. आपला चंद्रही भरती-ओहोटीच्या याच खेळामुळे वर्षाला पावणेचार सेंटिमीटर लांब जातोय.

केतकरांनी विचार केला, की असा मेळ चंद्रांत आहे तर दूरच्या ग्रहांतही असेल. युरेनसची फेरी ८४ वर्षांची, नेपच्यूनची १६५. जवळजवळ दुप्पट! त्यावरून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू ही नावं दिली. मे १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या मासिकात हे छापून आलं. बागलकोटहून पॅरिस! ब्रह्माचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट सांगितलं आणि फेरी २४२.२८ वर्षांची.

१८ फेब्रुवारी १९३० ला अमेरिकेत क्लाइड टॉमबॉ यांना फोटोंच्या काचा ताडून पाहताना प्लूटो सापडला. अंतर ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची. त्याच वर्षी केतकर गेले.

मग शोध त्यांनीच लावला का? नाही. ग्रह आकाशात कुठे शोधायचा हे त्यांच्या गणितात नव्हतं, फक्त अंतर आणि काळ होता. शिवाय युरेनस-नेपच्यूनचा मेळ दिसतो तेवढा पक्का नाही. ८४ ची दुप्पट १६८ होते, १६५ नाही, आणि ते एकमेकांत अडकलेले नाहीत. विष्णू तर सापडलाच नाही. म्हणजे आकडा जवळ आला, पाया मात्र कच्चा होता. गंमत अशी, की प्लूटो खरोखरच नेपच्यूनच्या मेळात आहे, पण वेगळ्या. प्लूटोच्या २ फेऱ्या होतात तेव्हा नेपच्यूनच्या ३. म्हणून प्लूटो नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येऊनही (१९७९ ते १९९९ तो तसा आत होता) दोघं कधी जवळ येत नाहीत. आरंभीच्या काळात नेपच्यून हळूहळू बाहेर सरकला आणि त्याने प्लूटोला या मेळात पकडलं, असं रेणू मल्होत्रा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलं.

त्या मुलीला मी शेवटी फळ्यावर दोन आकडे लिहून दिले, २४२ आणि २४८. आणि सांगितलं, सर शाळेत शिकवायचे, त्यांचा आकडा पहिला. तिने वहीत वजाबाकी केली आणि विचारलं, मग विष्णू अजून कोणी शोधतंय का?