न बोलावता गाव झाडायला जाणारे गाडगेबाबा मदतीचे नियम मात्र काटेकोर पाळायचे

एखादा अनोळखी माणूस न विचारता आपल्या गल्लीत आला आणि त्यानं झाडायला सुरुवात केली तर? काहींना बरं वाटेल. काहींना राग येईल, आम्हाला घाणेरडे समजतो की काय म्हणून. आणि बाकीचे विचारतील, याला यातून काय मिळणार आहे?

शंभरेक वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या कित्येक गावांना नेमका हाच प्रश्न पडायचा. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर गाडग्याचं खापर आणि हातात खराटा असा एक माणूस सकाळी सकाळी गावात शिरायचा. कुणाशी फार न बोलता रस्ता झाडायला लागायचा. कुणी वेडा म्हणायचं, कुणी हुसकून लावायचं. पुढे याच माणसाला अख्खा महाराष्ट्र संत गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला.

डेबूजीचे गाडगेबाबा झाले

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले. मग आई सखुबाई डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. गुरं राखली, शेतात राबला. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिली. दारू आणि कर्ज घराचं काय करतात, हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

समाजाच्या भल्यासाठी केलेली गोष्ट समाजाला आवडेलच असं नाही, हा धडा त्यांना घरातच मिळाला. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू द्यायची जातीची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि पाहुण्यांना गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद चिडले, पण डेबूजी मागे हटले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे त्यांनी घर सोडलं. ते हिमालयात गेले नाहीत की मठात बसले नाहीत. गावोगाव फिरले आणि दिसेल ते काम करत राहिले. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला जत्रा भरायची. चिखलातून नदीत उतरताना लोकांचे हाल व्हायचे, म्हणून तिथे ते माती वाहायला लागले. पुढे लोकवर्गणीतून तिथे घाट उभा राहिला.

मग लोकांनी विश्वास का ठेवला?

याचं उत्तर बाबांच्या वागण्याच्या पद्धतीत होतं.

पहिली गोष्ट, ते काम सांगायचे नाहीत, करायचे. सल्ला द्यायला आलेल्या बाहेरच्या माणसाचा गावाला राग येतो. स्वतः गटार उपसणाऱ्या माणसावर रागावणं अवघड असतं. थोड्या वेळानं एखादा गावकरी खराटा घेऊन यायचा, मग दुसरा.

दुसरी गोष्ट, मोबदला. कामाशिवाय ते कुणाकडे जेवत नसत. भाकरीच्या आधी लाकडं फोडून द्यायची, अंगण झाडून द्यायचं, असा शिरस्ता होता. हार-तुरे चालत नसत. पाया पडायला येणाऱ्याला प्रसंगी काठीचा प्रसाद मिळायचा. त्यांनी कुणाला शिष्य केलं नाही की कुणाला मंत्र दिला नाही.

तिसरी गोष्ट, संध्याकाळचं कीर्तन. दिवसभर रस्ता साफ झाला की रात्री बाबा लोकांची डोकी साफ करायला घ्यायचे. देवापुढे बकरं का कापता, कर्ज काढून लग्न का करता, पोरांना शाळेत का घालत नाही, असे प्रश्न ते समोरच्यांना विचारायचे आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. दिवसभर ज्याला राबताना पाहिलं, त्याचं बोलणं लोक ऐकून घ्यायचे.

झाडू आणि जात

पण यात एक अडचणीचा प्रश्न होताच. गावातली घाण काढणं हे काम काही जातींवर पिढ्यानपिढ्या लादलेलं होतं. त्यांच्यासाठी झाडू ही सेवा नव्हती, सक्ती होती. मग एखाद्यानं स्वेच्छेनं झाडू उचलला तर त्याचं कौतुक, आणि जे रोज उचलतात त्यांना शिवायचंही नाही, हा कुठला न्याय?

बाबांच्या कामात याचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं. एक म्हणजे, त्यांच्या सफाईत पाटील असो की सावकार, सगळ्यांच्या हाती खराटा यायचा. सफाई हे एका जातीचं काम आहे, ही समजूत तिथे रोज मोडली जायची.

दुसरं उत्तर पंढरपुरात आहे. वारीला येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना तिथे उतरायला जागा मिळत नसे. बाबांनी वर्गणी जमवून त्यांच्यासाठी मोठी धर्मशाळा बांधली. विठ्ठल मंदिराबाहेरच राहावं लागलेल्या संत चोखामेळ्याचं नाव तिला दिलं. ज्या मंदिरासाठी ही माणसं यायची, त्याचे दरवाजे त्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले.

पुढे १९४९ मध्ये बाबांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दुसऱ्यासाठी काही उभारणारी बरीच माणसं चावी मात्र स्वतःच्या कमरेला ठेवतात. बाबांनी तसं केलं नाही. ज्यांच्यासाठी वास्तू बांधली, कारभारही त्यांच्याच हाती गेला.

कुटुंबाला काय मिळालं?

काहीच नाही. नाशिक, आळंदी, देहू इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. आश्रमशाळा निघाल्या, अन्नछत्रं चालली. लोकांनी दिलेला पैसा लाखांत होता. पण या सगळ्याचा कारभार विश्वस्तांकडे होता. आपल्या नातेवाइकांचा या संस्थांवर कसलाही हक्क नाही, याबाबत बाबा कठोर होते. बायको कुंताबाई आणि आई यांनाही त्यातून वेगळी वागणूक मिळाली नाही. घरच्यांच्या बाजूनं पाहिलं तर ही किंमत मोठी होती आणि ती ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बाबांच्या आयुष्याकडे पाहताना ही बाजूही विसरता येत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनीही देह ठेवला.

पुढे राज्य सरकारनं २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. अमरावती विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं. आता झाडू हातात घेतलेले फोटो दर जयंतीला मोबाईलवर फिरतात. त्यात वाईट काही नाही. पण त्यातलं काम आणि देखावा वेगळा करायचा असेल, तर बाबांच्या आयुष्यातून तीन साधे प्रश्न मिळतात: यातून काम करणाऱ्याला काय मिळालं, ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या हाती काय आलं, आणि तो निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी झाडू कुणी उचलला?