रेव्हरंड नारायण वामन टिळक : फुलांमुलांच्या कवीची पूर्ण गोष्ट



मराठीच्या पुस्तकात कवितेखाली कवी परिचय असतो. दोन-चार ओळींचा. ना. वा. टिळकांचा परिचय वाचला की जन्मसाल, मृत्यूसाल, फुलांमुलांचे कवी एवढं मिळतं आणि नावाआधी 'रेव्हरंड' हा शब्द दिसतो. चौकस मूल लगेच विचारतं, सर, रेव्हरंड म्हणजे काय? दुसरं विचारतं, हे लोकमान्य टिळकांचे भाऊ का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दोघं वेगळे, आडनाव एक, जिल्हाही रत्नागिरीच. पहिल्या प्रश्नाला मात्र आपल्यातले बरेच जण चर्चमधले धर्मगुरू एवढंच सांगून पुढे सरकतात. पालकांना काय वाटेल, उगाच विषय वाढेल, अशी मनात धास्ती असते. मला वाटतं, ही गोष्ट मुलांना नीट सांगितली पाहिजे. ती एका माणसाची नाही, दोघांची आहे, आणि दोघांनीही तिची मोठी किंमत मोजली.

नारायणचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील वामनराव सरकारी नोकर, स्वभावाने कडक. आई प्रेमळ, कवितेची आवड असलेली. लहानपणीची काही वर्षं नारायण कल्याणच्या शाळेत शिकला. म्हणजे आपल्या भिवंडीच्या खाडीपलीकडे! आपल्या भागातल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं, कवी मग एकदम जवळचा वाटतो. अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांशी जमेना. पोरगं घर सोडून नाशिकला गेलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे संस्कृत शिकायला मिळालं. थोडं इंग्रजी शाळेतही झालं, पण परीक्षा-पदवी अशी काही हाती लागली नाही. वाचन आणि पाठांतर मात्र दांडगं.

लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झालं. नवरी अकरा वर्षांची. माहेरचं नाव मनकर्णिका, सासरी लक्ष्मी झाली. तिच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरात वाढलेली ही मुलगी. पुढचं समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. आज इथे शाळामास्तर, उद्या तिथे कीर्तन-पुराण, परवा मासिकाचं काम. हातात पैसा राहत नसे, कोणी मागितला की देऊन टाकायचे. बायको घरात तेल-मीठ नाही म्हणून बसलेली आणि हे बाहेर कुणाला तरी मदत करून आलेले. नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. तिथे वाचनही खूप झालं, पण मनाला स्वस्थता नव्हती. जातिभेद त्यांना खुपत होता. सगळ्या देशाला एकत्र बांधेल असा धर्म कोणता, हा विचार डोक्यात सारखा चालू असायचा. काही काळ तर आपणच एक नवा धर्म काढावा असंही त्यांच्या मनात होतं.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. गप्पा कवितेवरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्याने टिळकांना बायबलचा नवा करार वाचायला दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करून तो गेला. टिळकांना तेव्हा ते हास्यास्पदच वाटलं असणार. पण वाचायचा शब्द दिला होता म्हणून वाचू लागले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि अडकले. शत्रूवरही प्रेम करा, ही शिकवण त्यांच्या आतल्या प्रश्नाला जाऊन भिडली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे भाकीत खरं ठरलं.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक ठिकाणी मिळते. खरी गोष्ट इथून पुढे आहे, असं माझं मत.

लक्ष्मीबाई त्या वेळी नवऱ्यापासून लांब, नातेवाइकांकडे होत्या. पदरात लहानगा दत्तू. नवरा बाटला ही बातमी आली आणि त्यांना वेड लागायची पाळी आली. त्या काळात अशा बाईचं काय स्थान? नवरा जिवंत, पण संसार संपलेला. कपाळाला कुंकू, पण लोक कीव करणार. पुढची जवळजवळ साडेचार-पाच वर्षं नवरा एकीकडे, बायको एकीकडे. बराच काळ त्या पंढरपूरला नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. टिळकांची पत्रं येत. त्यांत कविता असत, विनवण्या असत. या बाईंना आधी लिहिता-वाचता येत नव्हतं. टिळकांनीच हट्टाने, चिडचिड करत, अर्धवट सोडत, पुन्हा धरत त्यांना अक्षरं शिकवली होती. आता तीच अक्षरं दोघांमधला धागा झाली. शिक्षक म्हणून मला ही जागा फार महत्त्वाची वाटते.

इकडे टिळक अहमदनगरला आले होते. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून चाललेलं. धर्मोपदेशक तयार करणारी शाळाही होती. टिळक तिथे शिकवू लागले, आणि स्वतः नवीन असल्यामुळे शिकतही होते. संस्कृतचा पंडित, पण ख्रिस्ती धर्मात नवशिका. मिशनरी त्यांना बायबलचा अर्थ सांगत, आणि ते मिशनऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना आपल्या लोकांचं मन कसं चालतं ते सांगत. खेड्यापाड्यांत जाऊन बोलायचं तर कोणत्या भाषेत बोलायचं? परदेशी चालीवर भाषांतरित गाणी म्हटली तर गावकरी काय समजणार? कोट-पाटलोण घातली म्हणजेच ख्रिस्ती होतो का? हे प्रश्न ते नेटाने मांडत राहिले. धर्म बदलला म्हणजे देश सोडला, असं त्यांना कधीच वाटलं नाही. देशभक्तीच्या कविता ते शेवटपर्यंत लिहीत होते.

ख्रिस्ती कीर्तन नगरकडे त्यांच्या आधीपासून होत असे. टिळकांनी त्याला स्वतःची भजनं, अभंग आणि पदं दिली. आपल्या गणेशपुरीत सकाळ-संध्याकाळ टाळ-मृदंग ऐकत मोठं झालेल्या मुलांना हे लगेच कळतं : चाल ओळखीची, ताल ओळखीचा, आणि नाव येशूचं. तुकोबांच्या अभंगांवर टिळकांचा जीव होता. आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत. आज मराठी चर्चमध्ये वापरतात त्या उपासना संगीत या पुस्तकात त्यांची अडीचशेच्या आसपास गीतं आहेत. रविवारी ती म्हणणाऱ्या कितीतरी जणांना ती टिळकांची आहेत हे माहीतही नसेल.

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. शेवटी त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. वेगळी चूल, वेगळं पाणी, सोवळं तसंच. आणि टिळकांनी ते चालू दिलं! जो माणूस गावोगाव ख्रिस्ताचं नाव सांगत फिरतो, त्याच्या स्वतःच्या घरात बायको त्याच्या हातचं पाणी घेत नाही. लोक हसले असतील. पण त्यांनी घाई केली नाही. मुलांना हे सांगताना मी इथे थोडा वेळ थांबतो आणि विचारतो, तुम्ही काय केलं असतं? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते राहुरीला, आणि कुणाच्या व्याख्यानाने नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला. देवाने केली असती तर पशुपक्ष्यांसारखा माणसा-माणसातही काही फरक दिसला असता, हा त्यांचा साधा हिशेब. त्या दिवसापासून सोवळं सुटलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. टिळक दांपत्याने अनाथ, उपाशी मुलं घरात घेतली. स्वतःचीच ओढाताण असलेल्या घरात!

१९०४ मध्ये टिळकांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. मुलांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. पुढे ज्ञानोदय या मिशनच्या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचं संपादन त्यांनी केलं.

१९०७ साली जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं. तिथे सतरा वर्षांच्या एका मुलाने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. टिळकांनी त्याला नंतर नगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखं सांभाळलं. बालकवी त्या ख्रिस्ती घरात राहिले, जेवले, भांडले, कविता लिहिल्या, आणि हिंदूच राहिले. टिळकांच्या प्रेमात त्यामुळे काही कमी झालं नाही. धर्मप्रचारक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे चित्र येतं, त्यात हा माणूस बसत नाही.

फुलांमुलांचे कवी हे बिरुद वर्गात सगळे पाठ करतात. पण 'केवढे हे क्रौर्य' शिकवताना या घराची आठवण ठेवावी. जखमी पक्षीण पिलांकडे जायला धडपडते, ही कविता लिहिणाऱ्याची आई लहानपणीच गेली होती. कवितेचा अर्थ चरित्रातूनच काढावा असं नाही म्हणायचं मला, तरी मुलांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

शेवटची दोन वर्षं वेगळीच. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं पगारी काम सोडलं. पगार घेऊन देवाचं नाव सांगणं त्यांना पटेना. ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही येऊ शकत होते. दोन्ही बाजूंचे लोक नाराज झाले असतील तर नवल नाही. हिंदूंना ते बाटलेले, आणि मिशनमधल्या काहींना ते जरा जास्तच हिंदू. काम मूळ धरायच्या आतच तब्येत ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य त्यांनी लिहायला घेतलं होतं. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. बाकीचं कोण लिहिणार? मोठमोठे पंडित होते, कवी होते. ते काम हाती घेतलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याने घरात अक्षरं शिकवलेल्या बाईने साठाहून अधिक अध्याय लिहिले. त्याच बाईंनी १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' लिहून प्रसिद्ध केली, आणि त्यात नवऱ्याचा रागीटपणा, विसरभोळेपणा, उधळेपणा काहीच झाकलं नाही. पाचवीच्या पुढच्या मुलांना त्यातले प्रसंग मोठ्याने वाचून दाखवा, पोरं पोट धरून हसतात. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. ख्रिस्तायन छापून आलं १९३८ मध्ये, दोघंही नसताना.